सुईचं टोक हरवलं तेव्हा: दमेकरी पेशंट, चेचलेला हात आणि सोनोग्राफीवर दिलेला ब्लॉक

कडबाकुट्टीत हात गेलेला पेशंट दारातून आत येतानाच ओळखू येतो. हात टॉवेलात गुंडाळलेला असतो, टॉवेल रक्ताने जड झालेला असतो आणि त्याला कडब्याचा भुसा चिकटलेला असतो. आबा असेच आले, रात्री साडेनऊला, गाडीच्या मागच्या सीटवर, शेजारी मुलगा त्यांचा हात वर धरून बसलेला. नाव-गाव काही देत नाही, आबांनी आणि मुलाने केस लिहायला होकार दिलाय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

वय ६६, वजन ५२ किलो, उजवा हात. तर्जनीचं शेवटचं पेर गेलेलंच होतं, मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा टेंडन तुटलेला, मधल्या बोटाचा रंग सर्जनना अजिबात आवडला नाही, म्हणजे सकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. दोन तासांचं काम. आबांचा पहिला प्रश्न, "मॅडम, हात ऱ्हातोय का जातोय तेवढं सांगा." मी म्हटलं आबा, हात राहणार, बोटांचं सर्जन सांगतील, मला आधी तुमच्या छातीचं ऐकू द्या.

छाती ऐकली आणि तिथेच भूल देण्याचा निम्मा प्लॅन बदलला. चाळीस वर्षं बिडी, दोन्ही बाजूंना शिट्टीसारखा आवाज, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९०. पंप घरी होता पण तो "लागलाच तर" घ्यायचे. त्यात सात वाजता भाकरी, वांग्याची भाजी असं पोटभर जेवून मग ते गुरांना वैरण कापायला गेले होते आणि साडेसातला हात सापडला. पुष्कळ लोकांना वाटतं की सहा तास थांबलं की पोट रिकामं होतं, पण मार लागल्यावर आणि दुखत असताना पोट रिकामं व्हायचं काम मंदावतं, घड्याळ बघून काही हमी देता येत नाही. अशा माणसाला पूर्ण भूल द्यायची, घशात नळी घालायची, म्हणजे एक तर अन्न फुप्फुसात जायची भीती, दुसरं म्हणजे नळीने श्वासनळ्या आवळायची भीती, आणि सगळं नीट झालं तरी शेवटी नळी काढताना हा माणूस स्वतःचा श्वास पुरेसा घेईल का हा प्रश्न राहतोच. आमच्याकडे रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवायची सोय नाही, ती जिल्ह्याच्या ठिकाणी.

म्हणजे फक्त हात बधिर करायचा. ब्लॉक.

हाताच्या सगळ्या नसा, म्हणजे नर्व्ह, मानेतून निघतात, कॉलरबोनच्या मागून खाली उतरतात आणि काखेतून दंडात जातात, त्या वाटेवर त्यांना चार ठिकाणी गाठता येतं. मानेत, कॉलरबोनच्या वर, कॉलरबोनच्या खाली आणि काखेत. मानेतला ब्लॉक खांद्यासाठी, हाताच्या पंजासाठी तो उपयोगाचा नाही, शिवाय त्यात त्या बाजूचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये काही तासांसाठी ढिला पडतो. कॉलरबोनच्या वरचा ब्लॉक माझ्या हाताला सगळ्यात जास्त बसलेला, नसा तिथे वर असतात, सुई छान दिसते, वीस मिनिटांत हात लाकडासारखा होतो. पण त्यातही फ्रेनिक नर्व्हपर्यंत, म्हणजे पडदा हलवणाऱ्या नसेपर्यंत, औषध पोचून पडदा ढिला पडू शकतो. तरण्या माणसाला ते कळतही नाही. आबांचं तसं नव्हतं, त्यांचा श्वासच काठावर चाललेला, त्यातला अर्धा पडदा काढून घेतला तर त्याच नळीवर यायची वेळ आली असती जी टाळायला आपण ब्लॉक देतोय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हाताला बसलेली गोष्ट पेशंटला बसेलच असं नसतं आणि रात्री दहा वाजता मन सवयीकडेच ओढतं.

मग काख. फुप्फुसापासून लांब, पडद्यापासून लांब, सगळ्यात सुरक्षित. मी म्हटलं आबा, दंड बाजूला घ्या बघू. दंड बाजूला जाईचना. वीसेक वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडून खांदा मोडला होता, गावातच बसवून घेतलेला, तेव्हापासून हात शरीरापासून वीतभरसुद्धा लांब होत नाही. काखेत प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा कातडीवर टेकवायचा भाग, ठेवायलाच जागा नाही.

राहिला कॉलरबोनच्या खालचा, इन्फ्राक्लॅव्हिक्युलर.

ह्या ब्लॉकमध्ये सुई खोल जाते. वरून छातीचे, पेक्टोरॅलिसचे, दोन स्नायू, त्यांच्या खाली धमनी, धमनीच्या भोवती तीन नसांच्या दोऱ्या, बाजूला शीर, आणि आणखी खाली गेलं की फुप्फुसाचं आवरण. एरवी आपण दंड बाजूला घेऊन कॉलरबोन वर सरकवतो, त्याने नसा थोड्या वर येतात आणि सुईला तिरकं यायला जागा मिळते. आबांच्या बाबतीत तेही जमणार नव्हतं. स्क्रीनवर धमनी बघितली, साधारण पाच सेंटिमीटर खाली. वजन ५२ किलो असूनसुद्धा, कारण खांदा पुढे वळून राहिलेला आणि स्नायू आखडलेले.

इथे थोडं थांबून सांगते, सोनोग्राफीत सुई दिसते म्हणजे नेमकं काय होतं, कारण ह्या केसचा सगळा जीव त्यात आहे. प्रोब आवाजाच्या लहरी आत पाठवतो, त्या परत आल्या की चित्र बनतं. सुई ही गुळगुळीत धातूची नळी, तिच्यावर लहर आपटते ती आरशावर उजेड आपटावा तशी. सुई प्रोबला समांतर असेल तर लहर सरळ परत येते आणि सुई पांढरीशुभ्र रेघ दिसते. सुई उभी होत गेली की लहर भलतीकडे फेकली जाते, प्रोबपर्यंत येतच नाही, आणि सुई पुसट होत होत नाहीशी होते. साधारण ३० अंशांपर्यंत मजेत, ४५ नंतर ओढाताण. आबांची धमनी पाच सेंटिमीटर खाली आणि प्रोबच्या कडेपासून आडवं अंतर जेमतेम दोन, हिशोब केला तर सुई ६८ अंशांनी उभी. दुसरी गोष्ट, प्रोब जो पापुद्रा बघतो तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. २२ गेजची सुई ०.७ मिलिमीटर. आठ सेंटिमीटर आत गेलेल्या सुईची दिशा एक अंशाने चुकली तरी टोक जवळजवळ दीड मिलिमीटर बाजूला जातं, म्हणजे चित्राच्या बाहेर. आणि चित्राच्या बाहेर गेलेलं टोक "नाही" असं दिसत नाही. तिथे सुईचा दांडा कापला जातो आणि जिथे तो कापला जातो तिथे एक पांढरा ठिपका उरतो, अगदी टोकासारखा दिसणारा.

पहिला प्रयत्न

तयारी सगळी होती. मॉनिटर, ऑक्सिजन दोन लिटर, सलाईन डाव्या हाताला, पंपातलं औषध नेब्युलायझरच्या वाफेतून दिलेलं. २० टक्के लिपिडची, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रवाची, बाटली टेबलावर काढून ठेवलेली, कारण बधिर करायचं औषध रक्तात गेलं तर तोच उतारा, पहिला डोस किलोला दीड मिली, आबांसाठी ७८ मिली, तो आकडा मी बाटलीवरच्या पट्टीवर लिहून ठेवते म्हणजे धावपळीत कोणी गुणाकार करत बसायला नको. औषध ०.५ टक्के रोपिव्हाकेन २० मिली, म्हणजे १०० मिलिग्रॅम, किलोला तीन मिलिग्रॅम धरलं तर मर्यादा १५६, कातडीला लागणारं लिग्नोकेन मिळवूनसुद्धा आपण आत.

प्रोब लावला, कातडी बधिर केली, सुई घातली. पहिले दोन सेंटिमीटर रेघ दिसली. मग पुसट. मशीनवर सुई उजळवायचं बटण आहे, ते दाबलं की मशीन लहरी तिरक्या पाठवतं म्हणजे त्या सुईवर जास्त सरळ आदळाव्यात, उथळ ब्लॉकमध्ये ते झकास चालतं. ६८ अंशांना नाही चाललं, उलट त्या तिरकेपणात येणारी स्नायूंची आवरणंसुद्धा उजळली आणि आता स्क्रीनवर तीन पांढऱ्या रेघा, त्यातली सुई कुठली? मी सुई किंचित हलवून कुठलं काय हलतंय ते बघितलं. धमनीच्या मागच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात तिथे, एक पांढरा ठिपका हलला. जिथे टोक यायला हवं होतं बरोबर तिथेच. म्हटलं आलो.

सिरिंज मागे ओढली, रक्त नाही. ज्युनियरला म्हटलं एक मिली दे. मी पहिले काही मिली औषध कधीच देत नाही, साधं सलाईन देते, ही सवय मला एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या सरांनी लावली होती आणि त्या रात्री ती कामी आली. एक मिली सलाईन गेलं. स्क्रीनवर काहीच झालं नाही.

काहीच झालं नाही, ह्या वाक्याकडे जरा नीट बघा. सुईच्या टोकातून पाणी बाहेर पडलं की मांसात एक काळा थेंब फुगतो, आजूबाजूचं थोडं ढकललं जातं, ते दिसायलाच हवं. दिसलं नाही तर दोनच अर्थ निघतात, एक तर टोक चित्रात नाही, नाहीतर टोक रक्तवाहिनीत आहे आणि पाणी वाहून गेलं. दोन्हीत पुढचा मिली द्यायचा नाही. ज्युनियर म्हणाली, "मॅडम, प्रेशर तर अजिबात लागलं नाही, मस्त गेलं." तिला ते चांगलं लक्षण वाटलं होतं. मला त्याच वाक्याने घाम फुटला, कारण इतकं सहज कुठे जातं तर शिरेत.

हात तिथेच थिजवला. सुई नाही हलवली. फक्त प्रोबवरचा दाब हळूहळू कमी केला, इतका की कडेला जेलमध्ये हवा शिरायला लागली, आणि धमनीच्या पलीकडे जिथे आत्तापर्यंत नुसती एक पांढरट चपटी फट दिसत होती ती उघडली. काळा, लंबगोल, फुगत जाणारा खड्डा, ॲक्सिलरी व्हेन. खोलवरचं दिसावं म्हणून मी प्रोब दाबून धरला होता आणि माझ्याच दाबाने शीर चपटी होऊन चित्रातून गेली होती. प्रोब दोनतीन मिलिमीटर आतल्या बाजूला सरकवला तर तिच्या पोटात एक बारीक चकचकीत टोक. मी ज्याला टोक समजत होते तो दांड्याचा काप होता. खरं टोक त्याच्या पुढे, बाजूला, शिरेत बसलेलं. आणि सिरिंज ओढल्यावर रक्त का नाही आलं, तर दाबून चपटी केलेली शीर, ओढलं की तिची भिंतच सुईच्या तोंडाला चिकटते, रक्त येणार कुठून? रक्त आलं नाही म्हणजे शिरेत नाही असं धरून चालणारे खूप जण आहेत, मी पण कित्येक वर्षं त्यातलीच होते.

क्लिप मशीनमध्ये सेव्ह आहे. अकरा सेकंदांची. सातव्या सेकंदाला शीर उघडते.

त्या जागी सलाईनऐवजी रोपिव्हाकेन असतं आणि आम्ही पाच-पाच मिली करत वीस दिलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको, आधी तोंडात धातूची चव, कानात आवाज, मग झटके, मग हृदय. आबांना फक्त एक मिली मिठाचं पाणी गेलं. सुई बाहेर काढली, दहा मिनिटं दाबून धरलं, अर्थात ह्या जागी दाबून फारसा उपयोग होत नाही कारण शीर खोल आहे, पण त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या नव्हत्या आणि गाठ आली नाही. मग तोच प्रोब छातीवर ठेवून दोन्ही बाजूंचं फुप्फुस सरकतंय का बघितलं, श्वासाबरोबर पांढरी रेघ मुंग्यांची रांग चालल्यासारखी लकलकत होती, म्हणजे आवरणाला धक्का नव्हता. आबांना सगळं सांगितलं, की सुई शिरेत गेली होती, औषध गेलेलं नाही, आता दुसऱ्या बाजूने देणार. ते म्हणाले, "द्या की, मी कुठं पळून चाललोय."

सर्जन वाट बघत होते. त्यांनी एकदाच विचारलं, अजून किती वेळ, आणि मी म्हटलं सर मला वीस मिनिटं द्या, त्यांनी दिली. अशा वेळी समोरचा माणूस घाई करत नाही ही फार मोठी मदत असते.

दुसरा प्रयत्न, कॉलरबोनच्या मागून

तीच सुई, तीच वाट, फक्त जास्त काळजीने, असं करण्यात अर्थ नव्हता. ६८ अंश हे ६८ अंशच राहणार. बदलायचा तर कोन बदलायला हवा. कॉलरबोनच्या मागून एक रस्ता आहे, रेट्रोक्लॅव्हिक्युलर, त्यात प्रोब आधीच्याच जागी कॉलरबोनच्या खाली राहतो पण सुई कॉलरबोनच्या वरच्या खळग्यातून, हाडाच्या मागून घालायची, पायाच्या दिशेने. मग सुई हाडाखालून सरकत प्रोबच्या जवळजवळ समांतर येते. समांतर आली की आरसा आपल्याकडे तोंड करून उभा. आणि दंड बाजूला घ्यायची गरजच नाही, म्हणजे आबांसाठीच बनवल्यासारखा.

फुकट मात्र काहीच नाही. हाडाच्या खाली सावली असते, हाडातून लहर जात नाही, त्यामुळे दोनतीन सेंटिमीटर सुई पूर्ण अंधारातून जाते आणि त्याच पट्ट्यातून सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह, म्हणजे खांद्याकडे जाणारी नस, आणि तिच्याबरोबरच्या रक्तवाहिन्या जातात. अंधारात दिशा बदलायची नाही, काही टोचायचं नाही, अडलं तर मागे. सुई लांब लागते, ५० मिलिमीटरची पुरत नाही, १०० ची हवी, आमच्या कपाटात एकच उरली होती. सिस्टरनी ती शोधून दिली.

ह्या वेळी सुई हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी केल्या. एक, प्रोब उचलून जेमतेम टेकवून शीर उघडी बघितली, ती कुठे आहे, किती मोठी आहे, रंगीत डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, लावून खात्री केली, आणि तिच्या कडेची जागा पेनने कातडीवर आखली. दोन, ज्युनियरला सांगितलं की तू स्क्रीन बघू नकोस, तू माझा हात आणि प्रोब एका रेषेत आहेत का तेवढंच बघ, वरून, डोक्याच्या बाजूने. स्क्रीनवर डोळे खिळले की हात कधी वाकडा होतो ते आपल्याला कळत नाही, दुसऱ्याला लगेच कळतं.

सुई घातली. अंधार. एक सेंटिमीटर, दोन, काही दिसत नाही, ते सेकंद लांब वाटतात. ज्युनियर म्हणाली, थोडं तुमच्या डावीकडे. तिसऱ्या सेंटिमीटरला सावलीच्या कडेतून सुई बाहेर आली, अख्खी, दांडा आणि पुढे तिरकं कापलेलं तोंडसुद्धा, आणि तिच्या खाली तिच्याच प्रतिध्वनीच्या दोन फिक्या रेघा. आधीच्या ठिपक्यात आणि ह्यात काय फरक होता ते शब्दांत सांगणं कठीण आहे, पण एकदा खरं टोक बघितलं की त्या ठिपक्याला परत टोक म्हणवत नाही. धमनीच्या वरच्या अंगाने मागे गेलो, एक मिली सलाईन, आणि धमनीच्या खाली काळा थेंब टपकन फुगला.

मग औषध, तीन-तीन मिली, प्रत्येक वेळी थांबून, प्रत्येक वेळी पसरताना बघून, प्रत्येक वेळी आबांना विचारून तोंडात चव काही बदलली का. धमनीच्या भोवती इंग्रजी यू अक्षरासारखं पाणी साचलं. वीस मिली.

पाच मिनिटांनी अंगठा जड, पंधरा मिनिटांनी स्पिरिटचा बोळा करंगळीला गार लागेना, पंचवीस मिनिटांनी कोपर वाकवता येईना. टर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, दंडावर बांधायची तर काखेजवळच्या कातडीचा एक भाग ह्या ब्लॉकमध्ये येत नाही, तिथे थोडं लिग्नोकेन कातडीखाली दिलं, ते मघाच्या हिशोबात धरलेलंच होतं. ऑपरेशन एक तास पन्नास मिनिटं चाललं. आबा जागे होते, मधे थोडे घोरले, सॅच्युरेशन ऑक्सिजनवर ९४-९५. ब्लॉकच्या आधी मोठ्या प्रोबने उजवा पडदा किती खाली-वर होतो ते मोजून ठेवलं होतं, ऑपरेशन संपल्यावर परत मोजलं, तेवढाच. फुप्फुस रात्री आणि सकाळी पुन्हा बघितलं, व्यवस्थित. हात पहाटे आठ तासांनी दुखायला लागला. मधलं बोट गुलाबी होतं.

तर्जनीचं पेर गेलं ते गेलंच. बाकीची दोन बोटं व्यायामाने वळायला लागलीत, पूर्ण मूठ होत नाही अजून.

मशीनने काय केलं असतं

नंतर मी ह्यावर बराच विचार केला, की आणखी चांगली टेक्नॉलॉजी असती तर पहिला प्रयत्न वाचला असता का. नसा शोधायला आवाज वापरायची कल्पना नवी नाही. कॉलरबोनच्या वरचा ब्लॉक कुलेनकाम्फ यांनी १९११ मध्ये नुसत्या बोटाने धमनी चाचपून दिला, १९७८ मध्ये ला ग्रांज आणि सहकाऱ्यांनी डॉपलरने धमनीचा आवाज ऐकून दिला, आणि व्हिएन्नात काप्राल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये चित्र बघत सुई घातल्याचं छापलं. तेव्हापासून चित्र खूप सुधारलं, सुई मात्र तीच गुळगुळीत नळी, म्हणून गेल्या काही वर्षांत सगळी धडपड सुईवर चाललीय.

सगळ्यात साधं म्हणजे खडबडीत सुई. टोकाजवळ बारीक खाचा पाडलेल्या असतात, लहर कुठूनही आली तरी काही भाग परत फिरतो. मला ह्या सुया आवडतात, उभ्या कोनातही बऱ्यापैकी चमकतात आणि मशीन बदलावं लागत नाही. मग प्रोबला लावायचा क्लॅम्प, सुई त्यातून गेली की चित्राच्या बाहेर जाऊच शकत नाही, बायोप्सीला किंवा हाताच्या शिरेत लांब नळी घालायला छान, पण ब्लॉकमध्ये सुईची दिशा मधेच बदलावी लागते तिथे तो आडवा येतो. जर्मनीतल्या येना गावच्या इझोनो कंपनीने सुईला चुंबकत्व देऊन ती कुठे जाणार ते स्क्रीनवर आधीच आखून दाखवायची पद्धत आणली, कॅनडाच्या अल्ट्रासॉनिक्सने सुईत सेन्सर आणि बाजूला चुंबकीय क्षेत्र असं केलं. चुंबकाच्या पद्धतींचा त्रास एवढाच की ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सगळीकडे लोखंड, टेबल, ट्रॉली, त्याने गणित हलू शकतं. फिलिप्स आणि बी ब्राउनच्या ऑनव्हिजनमध्ये सुईच्या टोकाजवळच एक बारीक सेन्सर आहे, तो प्रोबच्याच लहरी ऐकतो आणि मशीन टोकाभोवती गोल दाखवतं. हे मला मनापासून पटतं, कारण त्या रात्री मला नेमकी हीच एक गोष्ट माहीत नव्हती, टोक कुठलं. पण ऑनव्हिजनची सुई वेगळी घ्यावी लागते, एका पेशंटला एक, आणि तालुक्याच्या हॉस्पिटलमध्ये ते बिल कोणाच्या खिशातून जाणार हे तुम्हाला माहीत आहे.

आणि तरी एक गोष्ट ह्यातलं कुठलंच मशीन करत नाही. दाबून चपटी केलेली शीर उघडून दाखवणं. गोल टोकाभोवती आला असता, मला कळलं असतं टोक भलतीकडे आहे, पण ते कशात आहे ते कळायला हाताचा दाबच सैल करावा लागला असता. नसा-शिरा रंगवून दाखवणारी एआयची सॉफ्टवेअरं आलीत आता, पण शीर चित्रातच नसेल तर ते रंगवणार काय?

ज्युनियरसाठी म्हणून आम्ही दुसऱ्याच आठवड्यात एक डबा बनवला. चायना ग्रास उकळून त्यात चमचाभर इसबगोल, इसबगोल नसेल तर सगळं काळंभोर दिसतं आणि सुई इतकी स्वच्छ दिसते की शिकणाऱ्याची फसगत होते, इसबगोलने खऱ्या मांसासारखा करडा रंग येतो. धमनी म्हणून सलाईनच्या नळीचा तुकडा पाणी भरून, आणि शीर म्हणून हातमोज्याचं एक बोट पाणी भरून गाठ मारलेलं. प्रोब दाबला की मोज्याचं बोट चपटं होऊन गायब, सैल सोडला की परत. पहिल्या दिवशी तिने सहा वेळा सुई मोज्यात घातली आणि सहाही वेळा तिला वाटलं आपण बाहेर आहोत.

एक तास कुठे गेला

आबा आमच्याकडे आधी आलेच नव्हते. सव्वाआठला ते बावीस किलोमीटरवरच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये पोचले होते. तिथले डॉक्टर चांगले आहेत, ओटी आहे, मी स्वतः तिथे केसला जाते, आमचे सर्जनही जातात. त्यांनी मला फोन केला, मी सगळं ऐकलं आणि म्हटलं, इकडे पाठवा. कारण एवढंच की तिथे सोनोग्राफी मशीन नाही आणि माझं मशीन मी तिथे नेऊ शकत नाही. मशीन लॅपटॉपएवढं आहे, गाडीत मावतं. पण पीसीपीएनडीटी कायद्यात, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यात, मशीनची नोंदणी जागेशी बांधलेली असते, नोंदणी नसलेल्या जागी ते वापरणं गुन्हा आहे, आणि २०१२ च्या नियमबदलानंतर पोर्टेबल मशीनवर जास्तच बंधनं आली. ते मशीन गर्भावर फिरवलं की हाताच्या नसेवर, हे कायदा बघत नाही.

हे लिहिताना मला कायद्याबद्दल तक्रार करायची नाहीये. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये, केंद्राचा १९९४ मध्ये आला. आणि एवढं करून सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण इथे २००१ ला हजार मुलांमागे ९१३ होतं ते २०११ ला ८९४ झालं. मी मुलगी आहे, मला दोन मुली आहेत, ते आकडे मला पाठ आहेत. मशीन मोकळं सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण भूलतज्ज्ञ गावोगाव फिरून केस करतात, महाराष्ट्रात बरंच काम तसंच चालतं, आणि त्यांच्यातले बरेच जण नोंदणीच्या धास्तीने सोनोग्राफीच्या वाटेला जात नाहीत, जुन्या खुणांवर, अंदाजाने सुई घालत राहतात. फक्त उथळ बघणारा, पोटात खोलवर पोचणारच नाही असा प्रोब असलेलं मशीन वेगळ्या यादीत टाकता येईल का, ह्याचा विचार व्हायला हवा असं मला वाटतं. ब्लॉकसाठी वापरतो त्या सपाट तोंडाच्या, हाय फ्रिक्वेन्सीच्या लिनिअर प्रोबला तसंही फार खोल दिसत नाही. पोटाचा मोठा प्रोब त्या मशीनला लागताच कामा नये एवढं बनवणाऱ्यांना करता यायला हवं.

तोपर्यंत आहे त्यातून वाट काढायची. छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी त्यांच्या जागेची नोंदणी करून स्वतःचं जुनं, साधं, नुसता लिनिअर प्रोब असलेलं मशीन घ्यायचं ठरवलंय. कागदपत्रं आम्ही दोघांनी मिळून भरली, माझं नाव वापरणाऱ्यांमध्ये टाकलंय. अर्ज गेल्या महिन्यात गेला, जागेची तपासणी अजून व्हायचीय.